भर जुलैत आरव्हीतून ह्यूस्टन ते गल्फ शोअर्स: एसी, दमट हवा आणि आम्ही पाच जण

मागच्या जुलैत इथे अमेरिकेत आठ दिवसांची आरव्ही ट्रिप केली, आरव्ही म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी. ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टन, तिथून लुईझियानातलं फॉन्टेनब्लो स्टेट पार्क, मग अलाबामातलं गल्फ शोअर्स आणि परत. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चिपळूणहून आलेले आई-बाबा. जुलै घ्यावा लागला कारण शाळेची सुट्टी आणि आई-बाबांचं परतीचं तिकीट दोन्ही त्यातच बसत होतं. आपल्यापैकी बरेच जण आई-बाबा उन्हाळ्यात आले की असा प्लॅन करतात म्हणून सविस्तर लिहितोय, आणि मुख्यतः एसीबद्दलच लिहितोय, कारण बीच छान होते वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं पण रात्री झोप लागली का ते कोणी सांगत नाही.

गाडी भाड्याची, २५ फुटी क्लास सी, म्हणजे पुढे ट्रकची केबिन, तिच्या डोक्यावर एक बेड आणि मागे घर. छतावर एकच एसी, १३,५०० बीटीयूचा. आपल्याकडच्या हिशोबात १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, तेव्हा हा एक टनापेक्षा जरासाच मोठा. एका खोलीला भरपूर वाटेल पण आरव्हीच्या भिंती पातळ, काचा जास्त आणि छत दिवसभर उन्हात, त्यामुळे तो दुपारी कायम दमलेला असतो. बुक करताना हे आम्ही विचारलंच नव्हतं, तुम्ही नक्की विचारा: एसी किती आणि किती बीटीयूचे, मुक्कामाच्या जागी वीज घ्यायची कॉर्ड ३० अँपची की ५० अँपची, जनरेटरचे तास वेगळे मोजतात का. दोन एसी एकदम चालवायचे तर साधारण ५० अँपचीच गाडी लागते.

पहिला मुक्काम गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्क, बीचच्या बाजूला. जागा अप्रतिम, समोर समुद्र, पण झाड एक नाही. बाहेर ९५ फॅरनहाइट म्हणजे ३५ सेल्सियस, आणि हवेत इतकं पाणी की खाली उतरलं की चष्म्यावर वाफ. आई म्हणाली, पाऊस पडायच्या आधी आपल्याकडे जीव घुसमटतो तसं होतंय. आम्ही दुपारी तीनला पोचलो, तोपर्यंत गाडी तापून भट्टी झालेली, एसी लावला, थर्मोस्टॅट खाली ६४ वर नेला (पुढचे तापमानाचे आकडेही फॅरनहाइटमध्येच) आणि वाट बघत बसलो. रात्री नऊपर्यंत ८४ च्या खाली आलाच नाही.

पहिली चूक हीच. थर्मोस्टॅट ६४ वर ठेवला म्हणून एसी जास्त जोरात चालत नाही, तो एकाच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. बरेच जण म्हणतात की आरव्हीचा एसी बाहेरच्यापेक्षा २० डिग्रीच कमी करतो, ते पण तसं नाही. २० डिग्रीचा फरक असतो तो एसीत आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत. एक साधा थर्मामीटर आधी जाळीजवळ धरायचा, मग व्हेंटच्या तोंडाशी, फरक १६ ते २२ फॅरनहाइट आला तर एसी ठीक आहे आणि गाडी गार होत नसेल तर दोष उन्हाचा, फटींचा किंवा दमटपणाचा आहे. आमचा १९ आला. म्हणजे एसी त्याचं काम करत होता, आम्हीच त्याच्यावर जास्तीचं काम टाकत होतो.

दुसऱ्या रात्री वेगळाच प्रकार. एसीचा आवाज डोक्यावर होतो म्हणून आईने झोपताना फॅन लो वर केला, थर्मोस्टॅट ६४ वरच होता आणि आईला थेट वारा नको म्हणून तिच्या डोक्यावरचे दोन व्हेंटही बंद केले. पहाटे तीनला मला घामाने जाग आली, एसी चालू पण वारा जेमतेम. बाबा आधीच उठून टॉर्च घेऊन जाळी उघडत होते. आतल्या कॉइलवर बर्फाचा पांढरा थर! हवा कमी फिरली की कॉइल शून्य सेल्सियसच्या खाली जाते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर गोठतं, बर्फामुळे हवा अजून अडते आणि मग बर्फ अजून वाढतो. त्यात फिल्टर आधीच्या लोकांच्या केसांनी आणि धुळीने भरलेला. उपाय सोपा आहे पण धीर धरावा लागतो, कूलिंग बंद, नुसता फॅन हाय वर, आम्हाला दीड तास लागला. वितळलेलं थोडं पाणी आत टपकतं तेव्हा खाली टॉवेल टाकून ठेवा. फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून बसवला. त्यानंतर फॅनचा वेग कायम हाय, सगळे व्हेंट उघडे, रोज सकाळी फिल्टर बघायचा, परत बर्फ धरला नाही. आईसाठी व्हेंटची झडप फक्त भिंतीकडे वळवली.

तिथून बोलिव्हारची फेरी घेतली. ती फुकट आहे आणि आरव्ही पण चढवता येते, गॅसचा मेन व्हॉल्व्ह मात्र आधी बंद करून ठेवा. पुढे आय-१० ने लुईझियाना, तीनशेच्या वर मैल, अख्खा दिवस गेला. चालत्या गाडीत पुढचा डॅशबोर्डचा एसी फक्त ड्रायव्हर आणि शेजारच्याला पुरतो, मागे आजी-आजोबा आणि पोर उकडून निघतात. म्हणून जनरेटर चालू करून छतावरचा एसी चालवत गेलो. आमचा ४००० वॅटचा होता, तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी पाव भागाच्या आसपास आली की आपोआप बंद पडतो, तेव्हा अर्ध्यावरच भरत चला. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, निघण्याआधी कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय ना ते स्वतः बघा. जनरेटर लावून उभं राहायचं असेल तर त्याच्या धुराच्या बाजूची खिडकी बंद, आणि रात्री जनरेटर लावून झोपायचंच नाही, वीज मिळेल अशीच साइट घ्यायची. घरात म्हातारी माणसं आणि लहान मूल असताना यात तडजोड नको.

फॉन्टेनब्लो म्हणजे पॉन्चरट्रेन तलावाच्या उत्तर काठावर, मॅन्डव्हिल गावाजवळ. ओकची प्रचंड झाडं, त्यांच्यावरून लोंबणारं करडं शेवाळासारखं स्पॅनिश मॉस, आणि १८२९ च्या साखर कारखान्याच्या विटांचे अवशेष. त्या मळ्यांवर गुलाम राबवले जायचे, ते वाचल्यावर बाबा बराच वेळ त्या भिंतीपाशी उभे राहिले. झाडाखालची साइट मिळाली आणि तोच एसी, तेवढंच तापमान, पण दुपारी गाडीत ७६! सावलीसारखं दुसरं काही नाही. बुकिंग करताना समुद्र दिसणाऱ्या जागेपेक्षा झाडाखालची जागा घ्या, जुलैत तरी. झाड नसेल तर गाडी कशी लावता ते बघा, आपली बाहेर येणारी छत्री म्हणजे ऑनिंग बहुतेक उजव्या बाजूला असते, तेव्हा गाडीचं तोंड दक्षिणेला केलं तर उजवी बाजू पश्चिमेला येते आणि दुपारचं ऊन ऑनिंगवर पडतं. वारा सुटला की ती लगेच गुंडाळायची.

पण इथे रात्री नवीन त्रास. तापमान ७४ आणि तरी अंगाला चिकचिक, चादरी ओलसर, गादीच्या खालच्या बाजूला हात लावला तर दमट, कुबट वास. मी वॉलमार्टातून एक छोटं ह्युमिडिटी मीटर आणलं तर आत ७१ टक्के. मग डोक्यात प्रकाश पडला की आपला सामना उष्णतेपेक्षा पाण्याशी आहे. एसीचा जन्मच मुळी त्यातून झाला, १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग सरकायचे म्हणून विलिस कॅरियरने ती यंत्रणा आखली.

पाणी कुठून येत होतं ते आम्ही दोन दिवस शोधत बसलो. एक म्हणजे फॅनचं बटण "ऑन" वर होतं. रात्री ऊन नाही, एसी लवकर गार करतो आणि कूलिंग थांबतं, पण फॅन चालूच राहतो आणि कॉइलवरचं पाणी वाहून जायच्या आधीच परत हवेत येतं. "ऑटो" वर, म्हणजे कूलिंगबरोबर फॅनही थांबेल असं, ठेवल्यावर पहिल्याच रात्री आठ टक्के कमी झालं. थर्मोस्टॅट ७४-७५ वर ठेवायचा आणि एसीला लांब लांब पल्ल्यात चालू द्यायचं. नेहमी मोठाच एसी चांगला असंही नाही त्यामुळे, गाडीच्या मानाने फार मोठा असेल तर पाच मिनिटांत गार करून थांबतो आणि ओल तशीच राहते.

दुसरं म्हणजे आपला स्वयंपाक. कुकरच्या शिट्ट्या, चहा दोनदा, वरून भात उकळणार, आणि गॅसची शेगडी नुसती जळते त्यातूनसुद्धा पाण्याची वाफ तयार होते हे मला माहीतच नव्हतं, प्रोपेन जळला की पाणी होतंच. म्हणून एक इंडक्शन विकत घेऊन ऑनिंगखाली टेबलावर ठेवलं, बाहेरच्या सॉकेटवर. आई सुरुवातीला उघड्यावर स्वयंपाक करायला नाखूष होती, पण नंतर तिलाच तिथे वारा लागायला लागला आणि शेजारच्या साइटवरच्या आजी फोडणीच्या वासाने चौकशीला आल्या. तिसरं, आंघोळी आणि ओले टॉवेल. पाच माणसं आत आंघोळ करणार आणि पाच टॉवेल आत वाळत घालणार म्हणजे हवेत पाणीच ओतणं. आम्ही कॅम्पग्राउंडच्या बाथहाउसमध्ये जायला लागलो, समुद्राचे ओले कपडे बाहेर वाळतच नाहीत तिथे, ते सरळ लाँड्रीच्या ड्रायरमध्ये. आतलं बाथरूम वापरलंच तर दार बंद, छतावरचा पंखा चालू आणि काम झालं की तोही बंद, नाहीतर तो बाहेरची दमट हवा फटींतून आत ओढत बसतो. रात्री गार वाटतं म्हणून खिडक्या उघडू नका, तिथली रात्रीची हवा दिवसाइतकीच ओली असते.

गल्फ शोअर्सला पोचेपर्यंत सगळं बसलं होतं. गल्फ स्टेट पार्कमध्ये तीन रात्री. सकाळी सातलाच एसी चालू, गाडी तापायच्या आधी, कारण फर्निचर आणि गाद्या एकदा तापल्या की त्यांना गार करण्यातच दुपार जाते. पुढच्या मोठ्या काचेला बाहेरून कव्हर, केबिन आणि घर यांच्यामध्ये जाड पडदा, खिडक्यांना चंदेरी बबलवाला रोल कापून लावला, छतावरच्या १४ इंची झरोक्यात (एसीच्या व्हेंटमध्ये नव्हे) उशी कोंबली. हे सगळं मिळून एका दुपारचं काम. चार वाजता बाहेर ९३ आणि आत ७७, ह्युमिडिटी ५२. केबिनवरच्या बेडमध्ये मात्र गरम हवा साठतेच, मुलीला तिथेच झोपायचं होतं म्हणून तिच्यासाठी एक छोटा क्लिपचा पंखा लावला, आमच्या दिशेने तोंड करून, म्हणजे तिथली हवा बाहेर ढकलली जाते. छतावरून एसीचं पाणी खाली गळत असतं ते तिने बादलीत धरलं, एका दुपारी अर्धी बादली. ते सगळं पाणी आमच्या हवेतलं होतं. (गाडी एका बाजूला कललेली असेल तर हे पाणी नीट बाहेर जात नाही, लेव्हल करून घ्या.)

परतीच्या वाटेवर एका खासगी पार्कात व्होल्टेजचा प्रश्न आला, आणि इथे बाबांचे वीज मंडळातले अनुभव कामाला आले. इथली वीज १२० व्होल्टची, सकाळी मीटरवर ११९ होतं, दुपारी सगळ्यांचे एसी लागल्यावर १०३, आणि आमच्या ईएमएसने, म्हणजे व्होल्टेज बिघडलं की वीज तोडणाऱ्या यंत्राने, वीज तोडली. तो १०४ च्या खाली तोडतो. बाबा म्हणाले तोडली तेच बरं, व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि कॉम्प्रेसर जळतो. त्यांनी फ्रीज आणि पाण्याचा हीटर विजेवरून गॅसवर टाकायला लावला, इलेक्ट्रिक किटली बंद, तरी १०५ च्या आसपासच घुटमळत होतं, शेवटी ऑफिसमध्ये विनंती करून दुसऱ्या ओळीतली साइट घेतली. ३० अँप म्हणजे सगळं मिळून ३६०० वॅट, एकटा एसी १३-१५ अँप खातो, किटली साडेबारा, वर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. भाड्याच्या गाडीत ईएमएस नसतो बहुतेक वेळा, मी स्वतःचा नेला होता, तो आणि व्होल्ट दाखवणारा छोटा प्लग दोन्ही घ्याच. साइटवरच्या विजेच्या खांबावरचं ३० अँपचं सॉकेट सैल किंवा काळं पडलेलं दिसलं तर त्यात प्लग घालू नका, शेजारी ५० चं असेल तर अडॅप्टर लावून ते वापरा. क्रम असा ठेवा, आधी ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर, आणि एसी सगळ्यात शेवटी. वीज जाऊन आली तर एसी परत लावायच्या आधी पाच मिनिटं थांबा. पातळ एक्स्टेंशन कॉर्डवर एसी अजिबात नको.

स्वतःची आरव्ही असणाऱ्यांनी अजून एक बघावं, एसीचं आतलं झाकण काढून गार हवेची आणि परतीच्या हवेची खोकी एकमेकांपासून नीट बंद आहेत का. बऱ्याच गाड्यांत फट असते आणि गार हवा खोलीत न येता सरळ परत एसीत जाते. ॲल्युमिनियमची टेप लावून बंद करता येते, कापडी डक्ट टेप ओलीने सुटते. वीज आधी बंद करून मगच झाकण उघडा.