सर्वेक्षणातला सव्वा माणूस

‘तुमची माहिती गोपनीय राहील’ असं गूगल फॉर्मच्या माथ्यावर लिहायचं, उत्तरं आली की नावाचा रकाना उडवायचा आणि उरलेली शीट मार्गदर्शकांपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळ्यांना धाडायची. प्रबंधांच्या हंगामात हे सर्रास चालतं. पण नाव गेलं तरी चुगली करायला पिनकोड आणि जन्मतारीख मागे असतातच.

हिशोब मांडून बघा. देशात साधारण 19 हजार पिनकोड आणि 140 कोटी माणसं, म्हणजे एका पिनकोडात सरासरी 73 हजार. 80 वर्षांच्या जन्मतारखा 29 हजारांच्या आसपास. स्त्री-पुरुष वेगळे केले की 58 हजार खण. एका खणात सव्वा माणूस! अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी 1990 च्या जनगणनेवरून अमेरिकेचा हिशोब काढला, तेव्हा याच तीन गोष्टींवरून 87 टक्के लोक एकटे ओळखू येण्याजोगे निघाले. त्याआधी त्यांनी 20 डॉलरची मतदारयादी विकत घेऊन, तिच्याशी ताडून, नावं काढलेल्या दवाखान्याच्या नोंदींतून मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधली होती. (आपल्याकडे गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर ‘1 जून’ टाकलेली पिढी तेवढी गर्दीत लपते.)

मोबाइल नंबर हॅश करून (म्हणजे सूत्राने त्याची उलट न फिरवता येणारी सांकेतिक अक्षरमाळ बनवून) ठेवणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. 6 ते 9 ने सुरू होणारे दहा आकडी नंबर फार तर 400 कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला बऱ्या ग्राफिक कार्डाला काही मिनिटं पुरतात. नंबर उडवा, त्याजागी कुठल्याही क्रमाशी संबंध नसलेला आकडा द्या.

टाइमस्टॅम्पचा, म्हणजे उत्तर कधी आलं त्या वेळेचा, रकाना फॉर्म आपणहून भरतो, आणि तो हमखास विसरला जातो. ग्रुपवर कुणी 7:42 ला ‘भरला हं ताई’ लिहिलं की 7:41 चं उत्तर कुणाचं ते कळलंच. बरं, रकाना डिलीट करून तीच शीट एडिट करण्याच्या परवानगीसह शेअर केली, तर व्हर्जन हिस्टरीत (शीटच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीत) तो जसाच्या तसा सापडतो. म्हणून सीएसव्ही (जुना इतिहास सोबत न नेणारी साधी तक्त्याची फाइल) उतरवून घ्या, ओळींचा क्रम विस्कटा आणि ती फाइल द्या.

मग पिनकोडाऐवजी तालुका, तारखेऐवजी वयोगट. पिव्होट टेबल (कुठल्या गटात किती जण ते मोजणारा तक्ता) लावून पाचापेक्षा कमी माणसांचा गट दिसला की शेजारच्या गटात मिसळा. तरीही एक फट राहते: ‘नवरा मारतो का?’ या प्रश्नाला गटातल्या पाचही जणींचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्यातली कोण कुठली हे ओळखायची गरजच नाही. त्या गटापुरतं ते उत्तर झाका.

आणि ‘आणखी काही सांगायचंय?’ हा मोकळा रकाना. तिथे कुणीतरी ‘आमच्या शाळेत गणिताला मी एकटीच बाई’ असं लिहिलेलं असतं. त्याला सूत्र चालत नाही, एकेक ओळ वाचूनच काढावी लागते.