आमची वाटचाल : सील बदलण्यापासून दहा टनी फोर्कलिफ्टपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा आम्ही फक्त फोर्कलिफ्टच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) सिलिंडरची सीलं बदलायचो. सातपूर-अंबडच्या प्रेसशॉपमधून (पत्रा दाबून आकार देणाऱ्या कारखान्यांतून) फोन यायचे : मास्ट (माल उचलणारा पुढचा उभा सांगाडा) आपोआप खाली बसतोय, टिल्ट (मास्टचा पुढे-मागे कल) धरत नाही. सिलिंडर खोलता खोलता अख्खी गाडी खोलू लागलो, मग जुन्या डिझेल फोर्कलिफ्ट घेऊन, ओव्हरहॉल करून भाड्याने द्यायला लागलो. आज आमच्याकडे तीनपासून दहा टनांपर्यंतच्या गाड्या आहेत.

गिऱ्हाईक आधी विचारतं, "किती टनाची?" आम्ही विचारतो, "माल केवढा लांब-रुंद?" तीन टनी गाडी तीन टन उचलते ती मालाच्या वजनाचा मध्य फोर्कच्या (मालाखाली जाणाऱ्या एल आकाराच्या पोलादी दातांच्या) उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हा. रुंद डाय (प्रेसचा साचा) घेतला आणि हा मध्य ७०० वर गेला, की तीच गाडी साधारण अडीच टनांवर येते. एका कारखान्याने काउंटरवेटला (तोल राखणाऱ्या गाडीच्या मागच्या वजनाला) मागून जादा प्लेट बोल्ट करून मागितली. आम्ही सरळ नाही म्हणालो. प्लेटने गाडीची मागची बाजू उचलली जाणार नाही, हे खरं. पण वाढीव भार मास्ट, चेन आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरच येतो. ते काम हातचं गेलं, पण आजही तेच उत्तर देऊ.

गाडी गाळ्यात आली की इंजिनाआधी आम्ही फोर्क बघतो. आडवा भाग उभ्याला मिळतो तो कोपरा जमिनीला घासून झिजतो. कॅलिपर आधी उभ्या भागाला लावायचा, तिथे घासण नसते, म्हणजे ती मूळ जाडी, मग कोपऱ्याला. ५० ची ४५ भरली की फोर्क बाद. पाच मिलिमीटर डोळ्याला जाणवतही नाहीत, पण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाने घटते, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा गेलेला असतो. त्यावर वेल्डिंगचा थर चढवून द्या म्हणणारे भेटतात. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि फोर्क भाराखाली तुटू शकतो, म्हणून जोडी नवीनच टाकतो. मास्टमधली लिफ्ट चेनही मापतो : १००० मिलिमीटरची लांबी ताणून १०३० भरली की बदलायची.

मागचा स्टिअर अ‍ॅक्सल मधोमध पिनवर झुलतो, त्यामुळे खडबडीत यार्डातही चारही चाकं टेकलेली राहतात. पण म्हणजे गाडी पुढची दोन चाकं आणि ही पिन अशा तीन बिंदूंवरच तोललेली असते. म्हणून माल वर धरून वळू नका, गाडी कलंडेल, हे ऑपरेटरला आम्ही चावी देताना सांगतोच.

पिंपळगावकडे कांद्याच्या शेडमध्ये गाडी गेली, की टरफलं रेडिएटरच्या जाळीत बसतात आणि इंजिन तापतं. तिथे रोज हवा मारून द्यायची अट आम्ही भाड्याच्या कागदावरच लिहितो. द्राक्षांच्या बंद कोल्ड स्टोरेजसाठी मात्र डिझेल गाडी देत नाही. धूर कोंडतो, तिथे बॅटरीवरचीच घ्या असं सांगतो.