भयकथेचा गेम येतोय, तयारी आधीच करा

प्रीलोड झालं, म्हणजे रिलीजआधीच गेम डाउनलोड करून ठेवला, की काम संपलं असं नाही. फाइल्स बऱ्याचदा एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) येतात आणि रिलीजच्या वेळी उलगडतात. तेव्हा डिस्कवर जादा जागा नसेल तर गाडी तिथेच अडते. पीसीवर शेडर कंपाइल (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम आधीच तयार करून ठेवणं) पूर्ण होऊ द्या. घाईने ते टाळलं की नेमका दचकवणाऱ्या प्रसंगात गेम अडखळतो, मग कसली भीती!

खरी गंमत आवाजात. गेमचा थ्रीडी ऑडिओ आणि सिस्टिमचा व्हर्च्युअल सराउंड, दोन्ही चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास देतात, ते एकत्र चालू ठेवू नका. पाऊल मागे वाजलं की डावीकडे, कळेनासं होतं. ब्राइटनेस खोली अंधारी करूनच लावा, सेटिंगमध्ये दाखवलेलं चिन्ह जेमतेम दिसेल इतका.

सेव्हची पद्धतही बघा. २०१५ च्या ‘अनटिल डॉन’ या भयगेममध्ये फक्त ऑटोसेव्ह होता, म्हणजे गेम आपोआपच सेव्ह व्हायचा, चुकीचा निर्णय लगेच फिरवता येत नसे. तसंच हवं, खरं तर.