सहाचं पॅन

वॉर्डात पॅनला कोणी औषध मानत नाही. अँटिबायोटिक द्यायचं तर आधी टेस्ट डोस झाला का ते विचारतात, इन्सुलिनचे युनिट दोघी मिळून बघतात, पोटॅशियमच्या कुप्या तर कुलपात असतात. पॅन मात्र ट्रेमध्ये उघड्यावर. हँडओव्हर घेताना विचारलं, "चौदा नंबरला काय चालू आहे?" की उत्तर येतं, "काही नाही सिस्टर, सलाईन आणि पॅन."

पॅन म्हणजे पॅन्टोप्राझोल. पोटातलं आम्ल कमी करणारं औषध. गोळी सगळ्यांना माहीत आहे, आमच्याकडे त्याचं शिरेतून द्यायचं इंजेक्शन असतं. काचेच्या वायलच्या तळाशी ४० मिलिग्रॅमची पांढरी भुकटी, ती १० मिली एन.एस.मध्ये, म्हणजे साध्या मिठाच्या सलाईनमध्ये, विरघळवायची आणि कमीत कमी दोन मिनिटं घेऊन सावकाश द्यायची. किंवा १०० मिली सलाईनमध्ये घालून पंधरा मिनिटांत. कंपनीच्या घडी घातलेल्या कागदावर हे सगळं छापलेलं असतं. तो कागद खोक्याबरोबर डस्टबिनमध्ये जातो.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. पहाटे साडेचार ते आठ हा वॉर्डातला सगळ्यात धावपळीचा वेळ असतो, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं रात्री सिस्टर झोपतात. रक्ताचे नमुने, टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास), युरिन बॅगा रिकाम्या करून मोजमाप लिहिणं, सकाळच्या ऑपरेशनच्या पेशंटची तयारी, आणि या सगळ्याच्या मधोमध सहाचं पॅन. जनरल वॉर्डात पंचवीसेक पेशंट, त्यातल्या बहुतेकांच्या ट्रीटमेंट शीटवर पहिल्याच ओळीत 'इंज. पॅन ४० ओ.डी.', म्हणजे दिवसातून एकदा. विरघळवायला एक मिनिट, द्यायला दोन, आधी आणि नंतर फ्लशला, म्हणजे एन.एस. ढकलून नळी धुवायला, मिळून एक. पंचवीस चोक शंभर. एका औषधाला पावणेदोन तास, तेही कोणी हाक मारली नाही तर. हा हिशेब मी मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये मांडला होता. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढचा विषय पार्किंगचा निघाला.

मग वॉर्ड आपला मार्ग शोधतो. चार-साडेचारलाच सगळ्या वायल विरघळवून सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवायच्या. लेबल लावायला वेळ नाही, म्हणून आकारावरून ओळख: दहाची सिरिंज म्हणजे पॅन, दोनची म्हणजे एमसेट. एमसेट म्हणजे उलटी थांबवणारं ऑनडान्सेट्रॉन, वॉर्डात सगळे त्याला याच नावानं ओळखतात. आता गंमत अशी की ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकसुद्धा दोनच्याच सिरिंजमध्ये भरतात. एकाने उलटी थांबते, दुसऱ्याने मळमळ होते, आणि दोन्ही दिसायला पाण्यासारखी. मी माझ्या ड्यूटीला पट्टीवर पेनाने नाव लिहून चिकटवायला लावते. त्यामुळे विद्यार्थिनींमध्ये मी 'खडूस' म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे.

त्या रात्री चौदा नंबरला खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेले एक आबा होते. साठी ओलांडलेले, शेतकरी, गोठ्यात पाय घसरून पडलेले. ऑपरेशनचा दुसरा दिवस. दुखतंय म्हणून वेदनाशामक, वेदनाशामकाने पोटात व्रण होऊ नये म्हणून पॅन, ट्रॅमाडॉलने मळमळतंय म्हणून ऑनडान्सेट्रॉन. एकाच्या मागे दुसरं अशी ही साखळी असते. त्या वयाच्या माणसाला अशा गोळ्या चालू असताना पोटाला संरक्षण द्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण संध्याकाळी याच आबांनी दोन इडल्या आणि भात खाल्ला होता. खातापिता माणूस गोळी गिळू शकतो, आणि गोळीने काम तेवढंच होतं. ते शिरेतून कशाला, हा प्रश्न मी आजवर बऱ्याच डॉक्टरांना वेगवेगळ्या आवाजात विचारून पाहिला आहे.

माझ्याबरोबर जी.एन.एम.च्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाची मुलगी होती. हुशार, हात हलका, शीर पहिल्या टोचणीत मिळवणारी. ती त्या बाजूचे बेड करत होती, मी समोरच्या ओळीत ब्लड घेत होते. आबांच्या बायकोचा आवाज आला, "अहो सिस्टर, ह्या नळीत चुना कालवल्यागत काय झालंय बघा की."

मी वळून पाहिलं. आबांच्या मनगटातल्या इंट्राकॅथला, म्हणजे शिरेत ठेवलेल्या बारीक नळीला, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि त्याला हातभर लांबीची एक्स्टेंशन लाइन होती. ओ.टी.मधून येताना भूलवाल्या डॉक्टरांनी जोडलेली, कोणी काढली नव्हती. त्या पारदर्शक नळीत अर्ध्यापर्यंत दुधी पांढरं. नुसतं गढूळ नाही, बारीक कण तरंगताना दिसत होते. पोरीने पॅन दिलं होतं आणि त्याच्या पाठोपाठ, मध्ये फ्लश न करता, ऑनडान्सेट्रॉन. तिने घाबरून ट्रेमधली एन.एस.ची सिरिंज उचलली होती आणि ती लावायला निघाली होती.

"हात काढ! ढकलू नकोस काही."

त्या क्षणी कोणालाही तेच सुचतं. नळी घाण झाली, पाण्याने धुऊन काढू. पण नळीचं दुसरं टोक शिरेत असतं. फ्लश मारला असता तर तो सगळा साका आत गेला असता. मी इंट्राकॅथच्या वर बोटाने शीर दाबली, थ्री-वे बंद केला, एक्स्टेंशन सोडवून बाजूला ठेवली, इंट्राकॅथच्या तोंडाशी रिकामी सिरिंज लावून मागे ओढलं. थोडं रक्त आलं, त्यातही दोन-तीन पांढरे ठिपके. मग इंट्राकॅथच काढून टाकला आणि दुसऱ्या हाताला नवीन लावला. मॉनिटर आणून बोटाला क्लिप लावली. ऑक्सिजन ९६, नाडी ८८. आबा म्हणाले, "झालं काय बाई?" मी म्हटलं, "नळी खराब झाली होती आबा, बदलली. छातीत दुखतंय का, दम लागतोय का?" नाही म्हणाले. दर पंधरा मिनिटांनी मी तेच विचारत राहिले, शेवटी ते वैतागले.

हे का होतं ते सांगते, कारण नर्सिंगला हे आम्हाला कोणी नीट शिकवलं नाही. पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करतं, पण स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीला पोटातून सुखरूप खाली उतरवणारं आवरण असतं, आणि इंजेक्शनची भुकटी अल्कधर्मी बनवलेली असते. विरघळल्यावर तिचा पी.एच., म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ९ ते १०.५. ऑनडान्सेट्रॉनची कुपी बरोबर उलटी, पी.एच. ३.३ ते ४. ते आम्लधर्मी पाण्यातच विरघळलेलं राहतं, अल्कधर्मी द्रवाशी गाठ पडली की बाहेर पडतं. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचंही पॅनशी असंच वाकडं आहे, आणि ते तर कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक आणि आर.एल. हे कॅल्शियम असलेलं सलाईन एका नळीत नको, हे आमच्या मावशींनासुद्धा माहीत आहे. कारण त्याने तान्ही बाळं दगावल्याचं सगळ्यांनी ऐकलंय. पॅनबद्दल असं काही ऐकलेलं नाही, म्हणून भीती नाही.

साका शिरेत गेला तर तो हृदयातून फुप्फुसात जातो आणि तिथल्या बारीक वाहिन्यांत अडकतो. १९९४ साली अमेरिकेत शिरेतून द्यायच्या पोषणाच्या सलाईनमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचा साका होऊन दोन माणसं गेली, तेव्हा तिथल्या एफ.डी.ए. या औषध नियामक संस्थेने इशारा काढला होता. ते वेगळं द्रावण, प्रमाणही वेगळं. आमच्या आबांच्या नळीत त्यामानाने चिमूटभरच होतं. पण चिमूटभर रोज, पंचवीस जणांना?

कारण माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट हीच. आबांना एक्स्टेंशन होती म्हणून दिसलं. बाकीच्या बेडवर आम्ही औषध थेट इंट्राकॅथच्या वरच्या पोर्टमधून देतो. त्या पोर्टची टोपी रंगीत, खालचा भाग चिकटपट्टीखाली. पॅन आणि एमसेट पाठोपाठ दिलं तर जे व्हायचं ते पट्टीखाली आणि पुढे शिरेत. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते एवढंच की दोन दिवसांत हात लाल होतो, सुजतो, आणि आम्ही लिहितो, 'थ्रोम्बोफ्लेबायटिस, इंट्राकॅथ बदलला'. पॅनने एरवीही शीर सुजू शकते. मग त्यातली किती सूज नुसत्या पॅनची आणि किती या भांडणाची, हे आता कोण सांगणार?

आमचे नाईटचे आर.एम.ओ., म्हणजे ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर, डोळे चोळत आले. त्यांनी नळी ट्यूबलाइटखाली धरून पाहिली आणि "मी हे पहिल्यांदाच बघतोय" असं प्रामाणिकपणे म्हणाले, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. सर्जन साहेब राउंडला आले, आबा ठणठणीत होते. साहेब म्हणाले, "सिस्टर, इतकी वर्षं पॅन-एमसेट देतोय आपण. कधी काही झालंय?" मी म्हटलं, "सर, कधी काही दिसलं नाहीये." ते हसले आणि फाईल पुढे केली. माणूस चांगला आहे, ऑपरेशन तर अप्रतिम करतो. पण औषध लिहिल्यावर ते पेशंटच्या आत कसं पोचतं हा प्रवास त्यांच्या नकाशातच नाही.

इन्सिडेंट फॉर्म मी भरला. संध्याकाळी ऑफिसमधून निरोप आला, 'लाइन ब्लॉक झाल्याने बदलली' एवढंच लिहा, बाकी तपशील कशाला. मी बदललं नाही. तो फॉर्म फाईलमध्ये आहे का, हे मी विचारलेलं नाही.

आमच्या निवृत्त झालेल्या एक सिस्टर होत्या. त्यांच्या काळी पॅन नव्हतं, रॅनिटिडिन होतं. ५० मिलिग्रॅमची दोन मिलीची कुपी. ती त्या २० मिलीपर्यंत पातळ करायच्या आणि घड्याळाकडे बघत पाच मिनिटं द्यायच्या, कारण घाईने ढकललं तर नाडी एकदम मंदावू शकते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही सगळ्या हळू हाताच्या. पुढे २०१९ मध्ये रॅनिटिडिनमध्ये कर्करोगाचा संशय असलेला घटक सापडल्याच्या बातम्या आल्या, २०२२ च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळलं गेलं. जागा पॅनने घेतली, आणि "हे सेफ आहे" म्हणता म्हणता घड्याळ बघायची सवयही गेली.

आणि हेच पॅन आयसीयूत गेलं की त्याला राजाचा मान. व्रणातून रक्तस्राव झालेला, एन्डोस्कोपीने रक्त थांबवलेला पेशंट आला की ८० मिलिग्रॅम आधी, मग तासाला ८ मिलिग्रॅम, ७२ तास. ८० मिलिग्रॅम ५० मिलीमध्ये घालायचे, सिरिंज पंपावर ५ मिली ताशी लावायचे, दहा तासांनी नवीन सिरिंज. त्या नळीत दुसरं काहीही जोडायचं नाही. स्वतंत्र लाइन, स्वतंत्र लेबल. तिथे मीच नव्या मुलींना ओरडते आणि कोणी मला खडूस म्हणत नाही.

चार दिवसांनी मी मुलींना ड्यूटी रूममध्ये बोलावलं. मेडिकलमधून परत पाठवायच्या एक्स्पायरी झालेल्या मालातलं एक पॅन आणि एक ऑनडान्सेट्रॉन मागून आणलं, लॅबमधून प्लेन बल्ब (रक्ताच्या नमुन्याची रिकामी नळी) घेतला. बल्बमध्ये पॅन घातलं, स्वच्छ पाण्यासारखं. त्यावर सिरिंजने एमसेटचे थेंब सोडले. पहिल्याच थेंबाखाली पांढरी रेघ उतरली, बल्ब हलवला तसा सगळा दुधी झाला. कोणी बोलेना. मग मोबाईल निघाले. इन्चार्ज सिस्टर दारातून म्हणाल्या, "ग्रुपवर टाकू नका गं, पेशंटपर्यंत जाईल." त्या दिवशी नळी हाताळणारी मुलगी मागे उभी होती. तिने विचारलं, "मॅम, पण फ्लशला एन.एस. कुठून घ्यायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पॅनच्या खोक्यात येते ती १० मिलीची कुपी विरघळवण्यात संपते. फ्लशसाठी वेगळं काही मिळत नाही. म्हणून वॉर्डात १०० मिलीच्या बाटलीच्या बुचात एक सुई खोचून ठेवलेली असते आणि दिवसभर सगळ्यांचा फ्लश त्या एकाच बाटलीतून. एक धोका टाळायला दुसरा.

मी दोन मागण्या लिहून दिल्या. एक, जेवू लागलेल्या पेशंटचं पॅन दुसऱ्या दिवसापासून गोळीवर न्यावं. यावर इन्शुरन्स डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "सिस्टर, शीटवर इंजेक्शन दिसलं नाही तर कंपनी म्हणते अ‍ॅडमिट कशाला केलं. क्लेम अडकतो." नातेवाइकांचंही तसंच, गोळी दिली की "नुसत्या गोळीवर ठेवलंय" म्हणून बिलाच्या वेळी वाद. सर्जन साहेबांनी मात्र आपल्या पेशंटपुरतं मान्य केलंय. परवाच्या दोन फाईलींवर 'टॅब' लिहिलेलं पाहिलं.

दुसरी मागणी, दर पेशंटला फ्लशसाठी १० मिलीच्या एन.एस.च्या वेगळ्या कुप्या. ती इंडेंट (मागणीपत्र) मेडिकलने मंजूर केली. आता बिलिंगकडे अडलीय. या कुप्या पेशंटच्या बिलात धरायच्या की वॉर्डच्या खर्चात, ते ठरत नाहीये.