जिप्सीत बलेनोचं इंजिन: रेडिएटर मोठा करण्याआधी हवा बघा

मारुती जिप्सीतलं 1.3 लिटरचं इंजिन उतरवून जुन्या बलेनोचं 1.6 लिटरचं जी16बी चढवणारे बरेच आहेत. माउंटिंग, गिअरबॉक्सची जुळणी आणि वायरिंग यांवर आठवडेच्या आठवडे जातात, कूलिंगच्या वाट्याला शेवटची संध्याकाळ येते. मग पहिल्याच घाटात काटा लाल पट्टीकडे सरकतो आणि निदान ठरलेलं असतं: रेडिएटर लहान पडला.

आकडे तसं सांगत नाहीत. जिप्सी किंगची ताकद 80 बीएचपी, बलेनोची साधारण 94. म्हणजे पूर्ण ताकदीवर पाण्यात उतरणारी उष्णताही साधारण तेवढ्याच प्रमाणात, पंधरा-वीस टक्क्यांनी वाढणार. कोअरमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीत, नळ्यांची एक ओळ वाढवून चांगला रेडिएटरवाला तेवढं भागवून देतो. गाडी तापते ती बहुतेक वेळा हवेमुळे. एक हवा आत अडकते आणि दुसरी बाहेरून कोअरला चुकवून निघून जाते.

आधी आतली हवा. बलेनोत हे इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत होतं, जिप्सीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं. त्यामुळे पाण्याचं तोंड फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) बाजूला किंवा रेडिएटरच्या झाकणापेक्षा वर येऊ शकतं. इंजिन माउंटवर टेकवलं की होस कापण्याआधी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा. एक टोक रेडिएटरच्या झाकणाशी, दुसरं इंजिनच्या सर्वांत उंच तोंडाशी. इंजिनचं तोंड वर असेल तर नुसत्या रिझर्व्ह बाटलीवर भागणार नाही, कारण ती फक्त सांडलेलं पाणी साठवते आणि परत देते. तिथे दाब सहन करणारी हेडर टाकी हवी, तीही सगळ्यांत उंच. इंजिनच्या उंच टोकापासून आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीपासून 6 ते 8 मिमीची एकेक नळी टाकीच्या वरच्या भागात आणा. टाकीच्या तळातून 19 मिमीचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडा. प्रेशर कॅप टाकीवर, रेडिएटरच्या तोंडाला दाब न सोडणारं बंद झाकण. दोन्हीकडे प्रेशर कॅप ठेवली तर कमी दाबाची आधी उघडते आणि पाणी नको तिथून बाहेर पडतं.

कॅप 0.9 बारची पुरते. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर ती बदलाच.

आता बाहेरची हवा. आडव्या इंजिनच्या पंपावर पट्ट्याचा पंखा बसवायची सोय सहसा नसते, म्हणून इलेक्ट्रिक पंखा येतो. तो चार प्लॅस्टिक पिनांनी थेट कोअरवर लटकवू नका. पिना नळ्यांना घासतात आणि पंख्याच्या गोलाबाहेरचा कोअर रिकामा राहतो. पूर्ण कोअर झाकणारा पत्र्याचा श्राउड, म्हणजे हवा पंख्याकडे आणणारं आवरण, करा, पाती आणि कोअर यांत 15 ते 25 मिमी अंतर ठेवा. पंख्याची मोटर आणि इंजिनची पुली यांत किमान 25 मिमी मोकळे हवेत, कारण ब्रेक दाबला की इंजिन रबरांवर पुढे झुकतं. पंखा लावल्यावर ग्रिलच्या बाजूने कोअरवर कागद धरा. घट्ट चिकटला तर दिशा बरोबर, उडाला तर वायरी उलट्या आहेत. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा. फट दिसली की हवा तिकडूनच जाते, कोअरमधून जायचे कष्ट ती घेत नाही. रेडिएटर रबर बुशवरच बसवा. जिप्सीची चासी खडबडीत रस्त्यावर पिळवटते आणि घट्ट बोल्ट केलेल्या रेडिएटरचे सांधे सुटतात.

पंख्याला 30 अँपिअरचा फ्यूज, 40 अँपिअरचा रिले आणि 4 चौरस मिमीची वायर. अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. इग्निशनच्या वायरीतून पंखा चालवला तर तो फिरतो, पण मंद फिरतो. ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, तापमानाचा सेन्सर आणि मीटरचा सेन्सर वेगळे असतात, दोन्ही जागेवर ठेवा. ईसीयूचा सेन्सर 20 अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. फरक मोठा असेल तर पंखाही चुकेल आणि पेट्रोलही.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. बऱ्याच थर्मोस्टॅटना खाली दुसरी चकती असते, इंजिन तापलं की ती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की भोक कायम उघडं राहतं आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो. म्हणजे घाटात गाडी आणखी तापते. उलट सकाळच्या गारव्यात इंजिन थंडच राहतं, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट दोऱ्याने आत सोडा, तळाला टेकू देऊ नका. 82 चा शिक्का असेल तर त्याच सुमाराला झडप हलली पाहिजे आणि 95 पर्यंत सुमारे 8 मिमी उघडली पाहिजे. बसवताना हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला.

पट्ट्याचा मार्ग बदलला असेल तर पंप कोणत्या दिशेने फिरतो ते तपासा. पट्ट्याची पाठ पुलीवर आली की पंप उलटा फिरतो, पाणी थोडं ढकलतो, आणि हा दोष डोळ्यांना दिसत नाही. खालच्या होसच्या लांब वळणात स्प्रिंग हवी, नाहीतर जास्त आरपीएमला ओढीने होस चपटा होतो. जोड पाइपच्या टोकाला कडा उठवलेली हवी, गुळगुळीत पाइपवरून होस निसटतो. हीटर नको असेल तर त्याची तोंडं बंद न करता एकमेकांना जोडा.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. बोअरिंगचं पाणी नको, क्षार नळ्यांत बसतात. गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर. हळूहळू ओता, वरचा होस हाताने दाबत राहा. मग झाकण न लावता 1500 आरपीएमवर चालवा. वरचा होस अचानक गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. पातळी भरा, झाकण लावा, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा, ती उतरलेली असतेच.

त्यानंतरही तापली, तर कधी तापते ते लिहून ठेवा. ट्रॅफिकमध्ये तापून हायवेवर उतरते: पंखा, श्राउड, रिले. हायवेवर तापून ट्रॅफिकमध्ये ठीक: चपटा होणारा होस, उलटा पंप, तुंबलेला कोअर. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होस दगडासारखा कडक झाला, तर आधी हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं पॅकिंग) तपासा.