पाकटाच्या पोटातलं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी डिझर्टेशनचा विषय विचारला तेव्हा मी तोऱ्यात ‘मांटा रेचा आहार’ असं सांगून टाकलं. सरांनी चष्म्यावरून बघितलं. “सांगलीत? कृष्णेत सोडलाय का कुणी?” अख्खा वर्ग हसला. मीही हसले, पण डोक्यातून मांटा गेला नाही. सात मीटरपर्यंत रुंद होणारा मासा, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत मावणार नाही असा, आणि खातो काय तर पाण्यात तरंगणारे बारीक जीव. सुकटीच्या वाट्यात जवळा बघितलाय ना, साधारण तसले, त्याहूनही बारीक.

शेवटी तडजोड झाली. मांटा आणि पाकट (स्टिंग रे, चपट्या अंगाचा, लांब शेपटीचा मासा) एकाच गणातले. पाकटं कोकणातून बर्फात घालून आंबा घाटानं वर येतात आणि मिरजेच्या बाजारात मिळतात. तेव्हा पोट पाकटाचं बघायचं, आणि मांटावर जगात झालेल्या कामाचं एक प्रकरण पुढं जोडायचं. सर म्हणाले, “आधी दहा पोटं आण, मग बोलू.”

सुरुवातच चुकीच्या महिन्यात झाली. जून-जुलैत महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, आणि ती उठते न उठते तोच श्रावण. बाजारात गिऱ्हाईक नाही, म्हणून मालही नाही. एक मावशी मात्र रोज बसायच्या. आतडी हवीत म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मांस नगं आन् घाण पायजे व्हय? ने की बाई, मला तर टाकायचीच हायती.” त्या आधी शेपटीवरचा काटा कोयत्यानं उडवायच्या, मग पोट फाडायच्या. काट्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते आणि त्याच्या आवरणात विष. मासा मेला म्हणून ते विष लगेच जात नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

पहिली तीन पोटं मी डब्यात घालून घरी आणली, कारण कॉलेज बंद झालं होतं. डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आणि दिवस श्रावणी सोमवारचा. सकाळी आईच्या आवाजानंच जाग आली. “काय गं हे? गोठा आणून ठेवलायस होय फ्रिजमध्ये?” वास खरोखर गोठ्याचाच होता. पाकट, मुशी असल्या, हाडांऐवजी कूर्चा असलेल्या माशांच्या रक्तामांसात युरिया भरपूर असतो. समुद्राच्या खारेपणाशी ते त्यानंच जमवून घेतात. मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. हे मी आईला समजावून सांगितलं. फ्रिज मलाच धुवावा लागला, दोनदा.

पण खरा घोळ वेगळाच होता. पहिली अकरा पोटं कापली आणि आत निव्वळ लगदा. करडा, चिकट, त्यात मधूनच एखादं कवचाचं टिकलं. मला वाटलं माझंच कापणं चुकतंय. मग सरांनी विचारलं, “मासा मेला कधी?” तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मासा मरतो, पण पोटातले पाचक रस कामावरच असतात. बोटीवर काही तास, बंदरात काही, ट्रकमध्ये रात्र, बाजारात सकाळ. बर्फानं ते मंदावतं, थांबत नाही. मी जे कापत होते ते पाकटाचं जेवण नव्हतं, जेवण उरकून घासलेलं ताट होतं.

मग रात्रीची एसटी आणि पहाटे रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, असे महिन्यातून दोन शनिवार. ट्रॉलर लागला की खलाशी टोपल्या रिकाम्या करतात, आणि पाकटं उताणी पडतात. पांढरी पोटं वर, आणि नाकपुड्यांखाली तोंडाची फट हसल्यासारखी. पाकटाची लांबी मोजून उपयोग नाही, शेपटी तुटलेलीच असते. म्हणून पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत अंगाची रुंदी मोजायची. नर की मादी ते बघायचं, पोट दोन्हीकडून दोऱ्यानं बांधून काढायचं आणि तिथल्या तिथं दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायचं, म्हणजे पचणं तिथंच थांबतं. जाळ्यात सापडल्याच्या धक्क्यानं गाभण मादी पिल्लं टाकते. धक्क्याच्या ओल्या सिमेंटवर बशीएवढी दोन पिल्लं पडलेली दिसली, आईच्या साच्यातली, शेपटीसकट. शेजारी बर्फ फोडणं चाललं होतं. माझ्या वहीत त्या दिवशीच्या मापांची अक्षरं वाकडीच आली आहेत.

प्रयोगशाळेतलं काम चिकाटीचं आणि बरंचसं कंटाळवाणं. भरलेलं पोट तोला, रिकामं करून तोला, आतला माल चाळणीवर धुवा, उरलेलं मायक्रोस्कोपखाली. सबंध खेकडा कधी मिळत नाही. पाकटाचे दात फरशीसारखे सपाट, ते चुरूनच गिळतं. मग मोजायचं कसं? नांग्या मोजायच्या, डावी-उजवी वेगळी करून, ज्या जास्त भरतील तेवढे खेकडे. कोळंबीचे डोळे मोजून दोनानं भागायचं. मिरीच्या कणाएवढे काळे डोळे चिमट्यानं ओळीत लावताना मला आजी तांदळातले खडे वेचायची ते आठवायचं. पॉलिकीट नावाचे समुद्री किडे तर विरघळूनच जातात, मागं राहतात फक्त बारीक केस आणि जबड्याचे काळे आकडे. कवचवाला टिकतो, मऊ अंगाचा दिसेनासा होतो. म्हणजे आपल्या तक्त्यात खेकडा नेहमी खरा असतो त्याहून थोडा मोठाच दिसणार, हे मनात धरून चालायचं.

कुठलं खाणं किती महत्त्वाचं ते काढायला १९७१ साली कॅलिफोर्नियाच्या ट्यूना माशांवरच्या कामात मांडलेलं सूत्र अजून चालतं. नगांचे टक्के आणि वजनाचे (मुळात आकारमानाचे) टक्के यांची बेरीज, गुणिले किती टक्के पोटांत तो जीव सापडला. नुसते नग धरले तर किडे वरचढ, नुसतं वजन धरलं तर एखादाच गिळलेला मासा सगळ्यांना खाऊन टाकतो. माझ्याकडे कोळंबी आणि खेकडा वर आले, त्यानंतर स्क्विला, म्हणजे कोळंबीसारखाच एक कवचवाला जीव.

माशाचं शास्त्रीय नाव ठरवताना आणखी पंधरा दिवस गेले. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात माझं पाकट ‘हिमँटुरा’, आणि २०१६ मध्ये या कुळाची नव्यानं मांडणी झाल्यावर तेच ‘ब्रेव्हिट्रायगॉन’. मी दोन तक्ते दोन जातींचे म्हणून केले होते. एकच जात निघाली.

आणि मांटाचं प्रकरण? ते लिहायला मला सगळ्यात जास्त मजा आली. मांटाचे कल्ले चाळणीसारखे काम करतात असंच मला वाटायचं. चाळणी म्हटली की ती तुंबणार. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात दिसलं, की कण भोकात अडकत नाहीतच. कल्ल्यांच्या पाकळ्यांवर आपटून ते उडतात आणि घशाकडे जातात, पाणी तेवढं भोकांतून बाहेर. त्यामुळे भोकाहून बारीक कणही निसटत नाही. दुसरं काम इक्वेडोरजवळचं, २०१६ चं. तिथं मांटाला मारायचं कारणच पडलं नाही. जिवंत माशाच्या मांसाचा एवढासा तुकडा घेऊन त्यातल्या नायट्रोजन आणि कार्बनची जड-हलकी रूपं मोजली. जे खाल्लं त्याची खूण मांसात उतरते, आणि महिनोन्‌महिने राहते. पृष्ठभागावर तोंड उघडून फिरणारा हा मासा बहुतांश खाणं खोल, अंधाऱ्या पाण्यातलं खातो असं त्यातून निघालं. माझ्या फॉर्मॅलिनच्या बाटल्या त्या दिवशी मला फार गावठी वाटल्या. पोट सांगतं ते फक्त शेवटच्या जेवणाचं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न रिकाम्या पोटांवर टाकला. उपाशी होती की ओकली? मी म्हटलं, ट्रॉलच्या जाळ्यात दडपल्यावर मासा ओकू शकतो, त्यामुळे रिकामी पोटं मी उपाशी म्हणून धरली नाहीत, वेगळी दाखवली. त्यांनी मान हलवली. मग पानं उलटली. “हे मांटाचं प्रकरण कशाला? एक तरी मांटा बघितलायस का?”

“नाही सर.”

“मग काढून टाक.”

काढलं. चौदा पानं होती. बाइंडिंगवाल्यानं पाठीवरची सोनेरी अक्षरं मात्र आधीच छापून ठेवली होती, त्यामुळे माझ्या प्रबंधावर अजून ‘पाकट व मांटा’ असंच आहे.