एका ‘एस’पायी पाच आठवडे

व्यवसायाच्या चालू खात्याचं चेकबुक हातात पडलं त्या दिवशी घरी येऊन मी आधी कागदपत्रांची ती निळी फाइल माळ्यावर टाकली. नवरा म्हणाला, “अगं, लागेल परत.” लागली तर चढेल तोच.

मी पुण्यात घरीच खणाचे बटवे, चेनचे पाऊच, ओटीच्या पिशव्या शिवते. सहा-सात वर्षं झाली. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत असं एका वर्षी ठरवलं, 40 पोटल्या शिवल्या आणि आलेल्यांपैकी तिघींनी पुढच्या वर्षीसाठी सांगून ठेवलं. तेव्हापासून संक्रांत ते रथसप्तमी मशीन बंद नसतं. पैसे रोख, नाहीतर फोनवरून माझ्या बचत खात्यात. कधी काही अडलं नव्हतं.

2024च्या ऑगस्टमध्ये अडलं. एका कंपनीला दिवाळीत सुकामेवा घालून द्यायला 150 बटवे हवे होते, 85 रुपयांना एक. मी हरखले. मग त्यांच्या अकाउंट्समधून फॉर्म आला: व्यवसायाच्या नावाचं बँक खातं, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणीचा (म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर. सासूबाई म्हणाल्या, “बटवे शिवायचेत की कारखाना काढायचाय?”

उद्यम नोंदणी घरबसल्या झाली. आधार, पॅन, मोबाइलवर ओटीपी, कुठलाही कागद चढवावा लागत नाही आणि एक पैसा लागत नाही. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट असतात, पत्ता gov.in ने संपतोय ना एवढं बघा. कामाचा कोड निवडताना मी ‘शिवणकाम’ शोधत बसले आणि कपड्यांच्या यादीत घुसले. आपल्या पिशव्या कपड्यांत येत नाहीत, ‘कपडे सोडून इतर शिवलेल्या कापडी वस्तू’ असा 1392चा वेगळा गट आहे, त्यात बघायचं. बँकेला लागतं म्हणून शॉप अ‍ॅक्टचं, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालचं, ‘आपले सरकार’वरून केलं, तेही झालं.

आणि मग बँक.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मॅडमनी दोन्ही कागद उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाल्या, “हे शॉप अ‍ॅक्ट लायसन्स नाहीये. ही नुसती पोच आहे. लायसन्स आणा.” मी आपली घरी. दोन रात्री शोधाशोध केल्यावर कळलं, की महाराष्ट्रात 2017च्या कायद्याने तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असलेल्यांना लायसन्स मिळतच नव्हतं. त्यांनी फक्त कळवायचं आणि कळवल्याची पोच घ्यायची. माझ्याकडे माणसं किती? मी एक. सासूबाई नाड्या ओवतात, त्या धरल्या तर दोन. म्हणजे जो कागद सरकार देतच नाही तो मी आणायचा होता.

दुसऱ्या खेपेला हे सगळं शांतपणे सांगितलं. (शांतपणे नाही सांगितलं. पण आवाज चढवला नाही.) मॅडमनी आतल्या साहेबांना विचारलं, साहेबांनी मान डोलावली आणि मग त्यांनी पोचीवर बोट ठेवलं. “नाव जुळत नाही.”

व्यवसायाचं नाव इथे सांगत नाही, शेवटी ‘क्रिएशन्स’ आहे एवढं पुरे. उद्यमवर मी इंग्रजीत लिहिताना शेवटचा एस खाल्ला होता. एकीकडे क्रिएशन, दुसरीकडे क्रिएशन्स. बँकेच्या लेखी दोन धंदे, आणि दोन्हींचा पुरावा प्रत्येकी एकच. एकट्या माणसाच्या धंद्याचं खातं उघडायला व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. मी विचारलं, लाइट बिल चालेल? ते सासूबाईंच्या नावावर. चालत नाही, व्यवसायाच्या नावाचं हवं. “मग जीएसटी काढून टाका ना, सगळे काढतात.” मालाच्या धंद्याला राज्यातल्या राज्यात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. माझी वर्षाची उलाढाल ऐकली असती तर मॅडमनी मला चहा पाजला असता.

उद्यमवर नाव दुरुस्त करता येतं, फुकट. पण माझा ओटीपी जात होता आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि मी मधल्या काळात नंबर बदलून बसले होते. आधार केंद्रात जाऊन 50 रुपये भरले, नवा नंबर चढायची वाट बघितली. ज्यांना पुढेमागे असलं काही करायचंय त्यांनी आजच बघून ठेवा आधारला कुठला नंबर आहे. हे खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

या दिवसांत ऑर्डर मात्र थांबली नव्हती. रविवार पेठेतून खण आणला होता, अस्तर धुऊन वाळत होतं. खणाचे धागे फार सुटतात, म्हणून मी कापायच्या आधीच अख्ख्या कापडाला मागून पेपर फ्युजिंग इस्त्रीने चिकटवते आणि मग कापते. उलट केलं तर 150 बटव्यांच्या कडा विरतात, हे मी एकदा स्वतःच्या खर्चाने शिकलेय. बँकेच्या रागात मी इतकी भराभर शिवत होते, की एका दुपारी दोन सुया मोडल्या.

तिसऱ्या खेपेला नाव जुळलं. आता काय? “व्हिजिट होईल. बोर्डाचा फोटो लागेल.” आमच्या सोसायटीत बाहेर बोर्ड लावायला मनाई. सेक्रेटरी काकांना विचारलं तर म्हणाले, “आज तुमचा बटवा, उद्या वरच्यांचं पार्लर.” मेंटेनन्स व्यावसायिक दराने लावायचं का, असंही हसत हसत विचारून घेतलं. मी विषय तिथेच सोडला. बोर्डाच्या नादात सोसायटीचा मुद्दा उघडू नका.

ए4 कागदावर मराठीत नाव छापलं, लॅमिनेशन केलं. बँकेचा मुलगा नेमका आला तेव्हा मी साठेक बटवे सोफ्यावर उलटे करून टाकले होते, त्याला बसायला जागा नव्हती. “मॅडम, बोर्ड?” मी कागद दाखवला. “हा लावलेला हवा.” सासूबाई उठल्या, त्यांनी तो कागद दोन हातांत धरला आणि दारात उभ्या राहिल्या. “घे फोटो.” त्याने घेतला. बँकेच्या फायलीत आमच्या बोर्डाच्या दोन्ही बाजूंना सासूबाईंचे अंगठे आहेत.

आठवड्यात खातं उघडलं. एकूण खेपा चार, दिवस 36. खात्यात किमान 10,000 ठेवायचे आणि ऑर्डर 12,750ची, हा हिशेब मी नवऱ्याला सांगितला नाही. तुम्ही बँकेत शिरल्याबरोबर आधी किमान शिल्लक विचारा, शेजारच्या बँकेत कमी असू शकते. आणि नाव एकदा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, स्पेलिंगसकट, प्रत्येक फॉर्म भरताना त्याच्याकडे बघून भरा. दोन पुरावे जमवणं खरंच शक्य नसेल, तर बँकेला एका पुराव्यावरही खातं उघडता येतं, त्याच नियमात तशी सोय आहे. मात्र ते बँकेच्या मर्जीवर, आणि काउंटरवरून कुणी आपणहून सांगत नाही. मला हे खातं उघडल्यावर कळलं. तेव्हा कसं वाटलं ते लिहीत नाही.

उद्यमचा एक उपयोग मात्र झाला. मी बिलावर तो नंबर टाकला होता. लहान उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांत चुकतं करायचं असतं, आणि आदल्या आर्थिक वर्षापासून उशीर केला तर कंपनीला तो खर्च वेळेत आयकरात धरता येईना. अकाउंट्सच्या माणसाने स्वतः फोन करून सर्टिफिकेट मागवून घेतलं. पैसे एकविसाव्या दिवशी आले.

लॅमिनेट केलेला बोर्ड आता मशीनमागच्या खिळ्याला आहे. आतल्या बाजूला, सेक्रेटरी काकांना दिसणार नाही असा. डिसेंबरात संक्रांतीसाठी पहिला फोन आला, 200 पाऊच, चेनचे. त्या बाईंनी विचारलं, पैसे कुठे पाठवू? मी बचत खात्याचाच नंबर दिला.